रस्ता अचानक बंद? इंग्लंडमधली काऊन्सिल अर्जंट कामाची खबर कुठे देते आणि ती आपण कशी मिळवायची

मागच्या नोव्हेंबरात एका मंगळवारी सकाळी सव्वासातला गाडी काढली आणि गल्लीच्या तोंडाशीच लाल-पांढरे बॅरिअर, मधे मोठा खड्डा, त्यातून पाणी वाहतंय आणि हाय-व्हिज जॅकेट घातलेली दोन माणसं पंप लावून उभी. रात्री झोपलो तेव्हा यातलं काहीच नव्हतं. आई भारतातून आलेली, नऊ वाजता तिची हॉस्पिटलची अपॉइंटमेंट जी आठ आठवडे थांबून मिळालेली, आणि आमच्या गल्लीला बाहेर पडायला तेवढी एकच वाट. त्या माणसांनी गाडी बाहेर काढून द्यायला अर्धा तास घेतला, पुढे डायव्हर्जनमधे अजून वेळ गेला आणि अपॉइंटमेंट हुकली ती हुकलीच. घरी येऊन मी तणतणत होतो की एक पत्र नाही, मेसेज नाही, हे काय चाललंय. नंतर शोधलं तेव्हा कळलं की त्या कामाची नोंद पहाटेच झालेली होती आणि पब्लिक नकाशावर ती सगळ्या जगाला दिसत होती, फक्त मला तिथे बघायचं माहीत नव्हतं. आदल्या रात्री नाही तरी सकाळी सहाला मी एकदा फोन उघडून बघितलं असतं तर टॅक्सी मागच्या रस्त्याला बोलावून, आईला पायवाटेने तिथपर्यंत नेऊन आम्ही वेळेत पोचलो असतो.

म्हणून हे लिहितोय, इथे नवीन आलेल्या आपल्या लोकांसाठी, आणि दहा वर्षं राहूनही ज्यांना हे कधी कोणी सांगितलं नाही त्यांच्यासाठीही. सगळं इंग्लंडपुरतं आहे. स्कॉटलंडचं रोड वर्क्स रजिस्टर वेगळं आहे आणि नॉर्दर्न आयर्लंडमधे तर रस्ते काऊन्सिलकडे (म्हणजे आपल्या नगरपालिकेसारख्या स्थानिक संस्थेकडे) नसतातच, सरकारी खात्याकडे असतात.

सगळ्यात आधी हे डोक्यात बसवा: अर्जंट कामाचं पत्र येत नाही

म्हणजे कधीकधी येतं, कॉन्ट्रॅक्टरचा माणूस दारातून चिठ्ठी टाकून जातो, पण त्यावर अवलंबून राहू नका. कारण नियमच तसा आहे. १९९१ च्या न्यू रोड्स अँड स्ट्रीट वर्क्स ॲक्टमधे आणि त्यावर पुढे उभ्या राहिलेल्या परमिट पद्धतीत, म्हणजे रस्त्यावर काम करायला आधी परवानगी घ्यायच्या पद्धतीत, कामांचे प्रकार पाडलेत. मोठं काम असेल तर तीन महिने आधी कळवायचं, स्टँडर्ड असेल तर १० कामाचे दिवस आधी, छोटं असेल तर ३ दिवस आधी. आणि चौथा प्रकार म्हणजे इमिजिएट, ज्यात आधी काम सुरू करायचं आणि सुरू केल्यापासून २ तासांच्या आत नोंद करायची, आणि ऑफिसच्या वेळेबाहेर सुरू झालं तर दुसऱ्या कामाच्या दिवशी सकाळी १० पर्यंत नोंद केली तरी चालते. म्हणजे शनिवारी रात्री पाइप फुटला तर कागदोपत्री नोंद सोमवारी सकाळी आली तरी ते नियमातच बसतं. हे वाचल्यावर माझा राग बराच कमी झाला, कारण गॅस लीक होत असताना आधी पत्रं छापत बसा असं कोणीच म्हणणार नाही.

या इमिजिएटमधे पण दोन पोटप्रकार आहेत आणि तो फरक माहीत असणं उपयोगाचं आहे. इमर्जन्सी म्हणजे माणसाच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोका, रस्ता खचला, गॅस गळतोय वगैरे. अर्जंट म्हणजे धोका नाही पण सेवा बंद पडली किंवा पडणार आहे, जसं की अख्ख्या गल्लीचं पाणी गेलं. नकाशावर तुम्हाला यातला कोणता ते लिहिलेलं दिसतं आणि त्यावरून थोडा अंदाज येतो की हे लोक रात्रभर काम करतील की उद्या सकाळी परत येतील.

पायरी पहिली: हा रस्ता नक्की कोणाचा ते आजच शोधून ठेवा

इथे सगळ्यात जास्त वेळ वाया जातो, माझाही गेला. ज्या काऊन्सिलला आपण काऊन्सिल टॅक्स भरतो तीच रस्ता बघते असं आपण धरून चालतो. पण बऱ्याच भागात दोन काऊन्सिल असतात, खालची डिस्ट्रिक्ट किंवा बरो आणि वरची काऊंटी, आणि रस्ते काऊंटीकडे. उदाहरणार्थ गिल्डफर्डमधे कचऱ्याचे डबे गिल्डफर्ड बरो काऊन्सिल उचलते पण रस्ते सरे काऊंटी काऊन्सिलचे. स्लाव, रेडिंग, मिल्टन कीन्ससारख्या ठिकाणी एकच युनिटरी काऊन्सिल आहे म्हणून तिथल्या लोकांना हा प्रश्न येत नाही. लंडनमधे रस्ते बरोचे, म्हणजे हॅरो, ब्रेंट, हाऊन्स्लो वगैरे, पण लाल रेघा असलेले बहुतेक रेड रूट ट्रान्सपोर्ट फॉर लंडनचे. मोटरवे आणि मोठे ए रोड नॅशनल हायवेजकडे.

आणि एक गोष्ट आपल्या लोकांना खास सांगायची आहे कारण आपल्यातले खूप जण न्यू बिल्ड घर घेतात. नवीन इस्टेटचे रस्ते बरेचदा काऊन्सिलने अजून ताब्यात घेतलेलेच नसतात, त्याला अनॲडॉप्टेड म्हणतात. मग तो खचला, ड्रेनेज फुटलं, तर काऊन्सिल नोटीसही देत नाही आणि दुरुस्तीही करत नाही, ते काम बिल्डरचं किंवा तुम्ही दरवर्षी पैसे भरता त्या मॅनेजमेंट कंपनीचं. आपला रस्ता ॲडॉप्टेड आहे का हे काऊन्सिलकडच्या लिस्ट ऑफ स्ट्रीट्समधे बघता येतं, ती यादी त्यांना कायद्याने ठेवावीच लागते आणि लोकांना बघायला द्यावी लागते. अनॲडॉप्टेड निघाला तर खालच्या पायऱ्यांमधला अर्धा भाग तुम्हाला लागू नाही, मॅनेजमेंट कंपनीच्या मेलिंग यादीत तुमचा बरोबर ईमेल आहे का तेवढं बघा आणि त्यांचा इमर्जन्सी नंबर फ्रिजवर चिकटवा.

पायरी दुसरी: नकाशा, आणि त्याचा अलर्ट

हीच सगळ्यात महत्त्वाची पायरी. बाकी काही नाही केलं तरी चालेल, एवढी करा.

जुलै २०२० पासून इंग्लंडमधली रस्त्यावरची कामं डिपार्टमेंट फॉर ट्रान्सपोर्टच्या स्ट्रीट मॅनेजर नावाच्या सिस्टिममधे नोंदवली जातात, पाणी कंपनी असो, गॅसवाले, ब्रॉडबँडवाले किंवा काऊन्सिल स्वतः. त्या सिस्टिममधे आपल्याला लॉगिन मिळत नाही, पण तिचा डेटा खुला आहे आणि तो वन डॉट नेटवर्क या वेबसाइटच्या नकाशावर दिसतो. बऱ्याच काऊन्सिलच्या वेबसाइटवर रोडवर्क्सचं पान उघडलं की आत हाच नकाशा बसवलेला असतो.

पोस्टकोड टाका, तारीख आजची ठेवा, आपल्या रस्त्यावरच्या चिन्हावर क्लिक करा. आत काय वाचायचं ते सांगतो कारण पहिल्यांदा बघताना गोंधळायला होतं. काम कोणाचं हे आधी बघा, तिथे काऊन्सिलचं नाव नसून पाणी कंपनीचं असेल तर काऊन्सिलला फोन करून उपयोग नाही. मग ट्रॅफिक मॅनेजमेंट बघा: रोड क्लोजर लिहिलं असेल तर गाडी जाणारच नाही, टू-वे सिग्नल्स किंवा स्टॉप-गो बोर्ड असेल तर जाईल पण वेळ लागेल, आणि नो कॅरेजवे इन्कर्शन म्हणजे काम फुटपाथवर आहे, गाडीला काही त्रास नाही. मग संपायची तारीख. इमिजिएट कामात ही तारीख अंदाजे टाकलेली असते, खोदल्यावर खाली काय निघेल ते कोणालाच माहीत नसतं, म्हणून ती दर दिवशी परत बघा. आणि परमिट रेफरन्स नंबर असतो, तो कॉपी करून ठेवा, पुढे फोनवर लागतो.

आता अलर्ट. फ्री अकाउंट करा, नकाशावर आपल्या घराभोवती एरिया आखा, आणि ऑफिसचा, शाळेचा, स्टेशनचा रस्ता पण घाला. मग त्या भागात नवीन काम नोंदलं गेलं की ईमेल येतो. मी घराभोवती फार मोठा एरिया आखला होता सुरुवातीला आणि रोज इतके मेल यायला लागले की मी वाचणंच सोडलं, म्हणून छोटा ठेवा, फक्त ज्या तीन-चार रस्त्यांशिवाय तुमचं चालत नाही तेवढेच.

यात एक उणीव आहे ती पण समजून घ्या. वर सांगितलं तसं नोंद करायला दोन तासांची किंवा दुसऱ्या कामाच्या दिवसाची मुभा आहे, त्यामुळे रात्री किंवा वीकेंडला नकाशा रिकामा दिसला म्हणजे रस्ता मोकळाच आहे असं नाही. अशा वेळी गूगल मॅप्स किंवा वेझवर रस्ता लाल दिसतोय का ते बघा, लोकांच्या फोनमधून तिथे लवकर कळतं.

पायरी तिसरी: लॅम्पपोस्टवरचा कागद

काम वेगळं आणि रस्ता बंद करण्याची परवानगी वेगळी, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. रस्ता ठरवून बंद करायचा तर काऊन्सिलला १९८४ च्या रोड ट्रॅफिक रेग्युलेशन ॲक्टखाली टेंपररी ऑर्डर काढावी लागते, त्याची जाहिरात लोकल पेपरमधे किमान ७ दिवस आधी द्यावी लागते, ही ऑर्डर १८ महिन्यांपर्यंत चालू शकते. इमिजिएट कामात तेवढा वेळ नसतो म्हणून त्याच कायद्यात ऑर्डरऐवजी नुसती नोटीस काढायची सोय आहे. लोकांना धोका असेल तर ती २१ दिवसांपर्यंत, धोका नसून फक्त काम तातडीचं असेल तर ५ दिवसांपर्यंत. त्याहून जास्त लागणार असेल तर त्यांना पुढचा कागद काढावाच लागतो.

हीच नोटीस प्लॅस्टिकमधे घालून केबल टायने रस्त्याच्या दोन्ही टोकांच्या खांबावर बांधलेली दिसते. बारीक अक्षर, कायद्याची भाषा, पावसात ओली झालेली, म्हणून आपण तिच्याकडे बघतही नाही. पण तिच्यावर तीन कामाच्या गोष्टी असतात: कुठून कुठपर्यंत बंद, किती दिवस, आणि डायव्हर्जन कोणत्या रस्त्यांनी. फोटो काढा. शिवाय तुमच्या घरापर्यंत गाडी नेता येईल का हेही बरेचदा तिथेच लिहिलेलं असतं, फ्रंटेजर्सना ॲक्सेस दिला जाईल अशा शब्दांत. फ्रंटेजर म्हणजे तुम्ही, ज्याचं घर त्या रस्त्याला लागून आहे तो. तो शब्द मला पहिल्यांदा कळला नव्हता म्हणून मुद्दाम सांगतोय.

खड्ड्याजवळ अजून एक बोर्ड असतो, काम कोण करतंय त्यांचं नाव, फोन नंबर आणि परमिट नंबर. काऊन्सिलच्या हेल्पलाइनपेक्षा त्या बोर्डावरच्या नंबरला उत्तर लवकर मिळतं हा माझा अनुभव.

पायरी चौथी: फोन करायचा तर काय विचारायचं

आधी नुसतं "कधी संपणार" असं विचारायचो आणि "लवकरात लवकर" असं उत्तर यायचं. आता परमिट नंबर सांगून चार प्रश्न विचारतो. परमिटवर सध्या संपायची तारीख काय आहे आणि ती वाढवायचा अर्ज केलाय का? रहिवाशांची गाडी कोणत्या बाजूने आत-बाहेर करता येईल आणि किती वाजेपर्यंत? कचऱ्याची गाडी येणार का, नाहीतर डबे कुठे नेऊन ठेवायचे? आणि रात्री काही झालं तर कोणता नंबर? हे कोणीही धाडकन सांगू शकतं कारण सगळं स्क्रीनवर असतं, आपण नेमकं विचारलं की नेमकं मिळतं. डब्यांचा नियम प्रत्येक काऊन्सिलचा वेगळा, काही ठिकाणी गल्लीच्या टोकाला न्यायला सांगतात, काही जण दुसऱ्या दिवशी येतात.

पाणी किंवा वीज गेली असेल तर तो फोन काऊन्सिलला नाही. वीज गेली तर १०५, गॅसचा वास आला तर ०८०० १११ ९९९, आणि तोपर्यंत दिव्याचं बटण लावू-बंद करू नका, खिडक्या उघडा आणि घराबाहेर पडून फोन करा. रस्ता खचून माणूस किंवा गाडी आत पडेल अशी परिस्थिती असेल तर सरळ ९९९. आणि साधा पण धोकादायक खड्डा असेल तर काऊन्सिलच्या साइटवर फॉर्म न भरता फोनच करा, कारण बऱ्याच काऊन्सिल स्वतःच सांगतात की तातडीचं असेल तर ऑनलाइन टाकू नका. जागा सांगताना जवळच्या लॅम्पपोस्टवर नंबर असतो तो सांगा, त्याइतकी अचूक खूण दुसरी नाही.

घरात म्हातारी माणसं किंवा तान्हं बाळ असेल तर

हे मी मनापासून सांगतो, आजच करून टाका. पाणी कंपनी आणि वीज कंपनी दोघांकडे प्रायॉरिटी सर्व्हिसेस रजिस्टर असतं, फुकट असतं, पेन्शनच्या वयाची माणसं, लहान मुलं, आजारी, अपंग, किंवा इंग्रजी नीट येत नाही अशी माणसं घरात असतील तर नाव घालता येतं. मग पाणी गेलं तर बाटल्यांचं पाणी दारात आणून देण्यात तुमचा नंबर आधी लागतो आणि खबरही तुम्हाला आधी मिळते. आम्ही आईसाठी नाव घातलं तेव्हा त्यांनी एक पासवर्ड ठेवायला सांगितला. त्याचा उपयोग असा, की दुपारी आई-बाबा एकटे असतात आणि कोणी दार वाजवून "बाहेर पाइप फुटलाय, तुमचं पाणी चेक करायचंय" म्हणालं तर आधी पासवर्ड विचारायचा. नाही सांगता आला तर दार उघडायचं नाही. रस्त्यावर खरंच काम चालू असताना असे खोटे लोक फिरतात आणि तेव्हा त्यांच्यावर विश्वास पटकन बसतो. आईला आम्ही ते इंग्रजी वाक्य मराठी अक्षरात लिहून दाराच्या आतल्या बाजूला लावून दिलंय.

फुटपाथचंही बघा. कामाच्या ठिकाणी पायी जाणाऱ्यांना सुरक्षित वाट ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, दीड मीटर रुंद असावी आणि अगदीच जागा नसेल तरी एक मीटरपेक्षा कमी नको. बाबागाडी किंवा व्हीलचेअर जात नसेल तर फोटो काढून बोर्डावरच्या नंबरला कळवा, तक्रार म्हणून नाही तर त्यांच्या माणसाने बॅरिअर सरकवले की काम होतं आणि बहुतेक वेळा ते लगेच करतात.

गाडी लावलेली होती आणि सकाळी ट्रॅफिक कोन दिसले

अर्जंट कामात पार्किंग बे अचानक सस्पेंड होतात. आधी दार वाजवतात किंवा काचेवर चिठ्ठी लावतात, कोणी सापडलं नाही तर गाडी उचलून शेजारच्या रस्त्यावर ठेवू शकतात. म्हणून गाडी जागेवर दिसली नाही की चोरीला गेली असं धरून घाबरू नका, आधी आजूबाजूच्या दोन-चार गल्ल्या बघा, मग काऊन्सिलच्या पार्किंग विभागाला फोन, लंडनमधे असाल तर ट्रेस नावाची सर्व्हिस आहे जिथे गाडीचा नंबर टाकून शोधता येतं.

दंडाची नोटीस मिळाली आणि बोर्ड तुम्ही गाडी लावल्यानंतर लागला असेल तर गप्प भरू नका. बोर्डाचा, गाडीचा, कोनांचा फोटो, वन डॉट नेटवर्कवरची काम सुरू झाल्याची वेळ दिसणारा स्क्रीनशॉट, शेजाऱ्याच्या डोअरबेल कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग मिळालं तर तेही, आणि हे सगळं १४ दिवसांच्या आत पाठवा, कारण तेवढ्यात आक्षेप घेतला तर तो फेटाळला गेला तरी निम्म्या दंडाची सवलत साधारणपणे परत देतात. पुढे ट्रिब्युनल आहे, म्हणजे दंडाविरुद्ध अपील ऐकणारी स्वतंत्र संस्था, लंडनमधे लंडन ट्रिब्युनल्स आणि बाहेर ट्रॅफिक पेनल्टी ट्रिब्युनल, दोन्ही फुकट.

खड्डा उघडा आहे आणि कोणीच काम करत नाहीये

हा प्रश्न आमच्या मराठी ग्रुपवर दर आठवड्याला येतो. कारण बहुतेक वेळा असं असतं की पाइप दुरुस्त करणारी टीम वेगळी आणि खड्डा बुजवून डांबर टाकणारी वेगळी, किंवा एखाद्या पार्टची वाट बघत असतात. पण परमिटची तारीख उलटून गेली असेल तर मात्र बोला. कंपनीने ठरल्यापेक्षा जास्त वेळ रस्ता अडवला तर काऊन्सिल तिच्याकडून दिवसाचे पैसे घेऊ शकते, सगळ्यात वर्दळीच्या रस्त्यांवर मोठ्या कामाला हा आकडा दिवसाला १०,००० पौंडांपर्यंत जातो, त्यामुळे काऊन्सिलच्या स्ट्रीट वर्क्स टीमला परमिट नंबर आणि फोटोसकट एक मेल गेला तर त्यांना ती माहिती हवीच असते. मेलमधे वॉर्ड काऊन्सिलरला (आपल्या भागाच्या नगरसेवकाला) सीसी करा, तुम्ही इथे मतदार म्हणून नोंदलेले असाल किंवा नसाल, तुम्ही त्यांचे रहिवासी आहात. इथे राहणारे भारतीय नागरिक कॉमनवेल्थमधले म्हणून लोकल निवडणुकीत मतही देऊ शकतात, ती नोंदणी केली नसेल तर तीही करा.

काऊन्सिलने दोन टप्प्यांत तक्रार ऐकूनही काही केलं नाही तर लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ओम्बुड्समन या स्वतंत्र तक्रार अधिकाऱ्याकडे जा, आणि पाणी कंपनीबद्दल असेल तर कन्झ्युमर काऊन्सिल फॉर वॉटरकडे.

गल्लीचा ग्रुप

शेवटची पायरी तंत्रज्ञानाची नाही. आमच्या गल्लीत एकोणीस घरं, त्या मंगळवारनंतर मी प्रत्येक दारी जाऊन व्हॉट्सॲप ग्रुप करू का विचारलं, सतरा घरं आली. समोरचे एक आजोबा स्मार्टफोन वापरत नाहीत, त्यांना दार वाजवून सांगायचं काम शेजारच्या मुलीने घेतलंय. गावाकडे दवंडी असायची, पुण्यात सोसायटीचा वॉचमन सांगायचा, इथे ते आपल्यालाच करावं लागतं. ग्रुपवर फक्त तीन गोष्टी टाकायच्या असं ठरवलंय, नोटिशीचा फोटो, परमिट नंबर आणि गाडी कुठून काढायची. फेब्रुवारीत परत त्याच जागी पाइप गळायला लागला, रात्री पावणेअकराला कोपऱ्यावरच्या बाईंनी फोटो टाकला, आणि सकाळी बॅरिअर लागायच्या आत आमच्यातल्या अकरा गाड्या मागच्या रस्त्यावर जाऊन उभ्या होत्या.